लालच्या मागे धावलो, पांढरं राहून गेलं: दोन सशांच्या लघवीच्या नोंदी

घर जळगावला, पिंप्राळ्यात. ससे दोन, दोन्ही माद्या, सख्ख्या बहिणी, वय साधारण तीन वर्षं. एक पांढरी ढवळी, दुसरी करड्या रंगाची राखी. मी डाळमिलात हिशेब पाहतो, जनावरांचा डॉक्टर नाही. फरशीवर लाल डाग दिसल्यापासून जे केलं ते तारखेनिशी लिहून ठेवलं. त्यातलं निम्मं चुकलं. तेही ठेवलंय, कारण चुकांतच जास्त दिवस गेले.

१३ एप्रिल २०२५, रविवार
सकाळी चिऊ ओरडत आली, "पप्पा, सशाला रक्त!" मागच्या ओट्यावर, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग. विटकरीच्याही पुढचा, जवळपास बिटाच्या पाण्याचा रंग. दोघी एकाच पिंजऱ्यात, त्यामुळे कोणाचा ते कळायला मार्ग नाही. दोघी खात होत्या, उड्या मारत होत्या. बायको म्हणाली, आत्ताच्या आत्ता डॉक्टर गाठा. रविवारी कोण सापडणार? माझी आई अमळनेरकडची. तिने लांबूनच विचारलं, "पानी पिस का नही ती?" मी म्हटलं, बाटली भरलेली आहे ना, पीत असणारच. बाटली भरलेली दिसते म्हणजे कोणी पीत नाही, असाही अर्थ निघतो. तो दोन आठवड्यांनी लक्षात आला.

१४ एप्रिल
आंबेडकर जयंतीची सुट्टी. मेडिकल एकच उघडं सापडलं. हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली घेतली, ३० रुपये. रक्तावर टाकलं की फेस येतो, एवढं माहीत होतं. मेडिकलवाल्या पोराने सोबत अमॉक्सिसिलिनचं सिरप पुढे केलं, "लहान पोरांना देतात तेच, चालतं." घेतलं नाही. तेव्हा कारण फक्त एवढंच की ढवळीच्या तोंडात चमचा घालायची माझी हिंमत नव्हती. खरं कारण २५ तारखेला आहे.

डागावर पेरॉक्साइड ओतलं. भरपूर फेस. रात्रभर झोप नाही.

१५ एप्रिल
डागात लेंड्या होत्या, भिजलेला भुसा होता, आदल्या दिवशीची पानं होती. जंतू असतील तिथेही पेरॉक्साइड फेसाळतंच. म्हणजे कालची परीक्षा बाद. स्वच्छ नमुना हवा.

केळीच्या वखारीतून जुना प्लॅस्टिकचा क्रेट आणला, १२० रुपये. तळ जाळीचा असतो. समोरची बाजू हॅक्सॉने कापून दार केलं, कडा मेणबत्तीने बोथट केल्या. खाली स्टीलची परात, वर जाळीवर मूठभर वाळलं गवत. ससा ठरलेल्या कोपऱ्यातच लघवी करतो, म्हणून क्रेट त्याच कोपऱ्यात ठेवला. पहिल्या तासात राखी आत जाऊन बसली आणि गवत खात राहिली. दुसऱ्या तासात परात उलटली. परातीखाली दोन फरश्यांचे तुकडे लावले. भुसा कायमचा बंद. भुशात लघवी जिरते, मग रंग दिसत नाही आणि गाळही नाही. तीन वर्षं मी भुसाच टाकत होतो.

१६ ते १८ एप्रिल
दोघींना वेगळं ठेवलं, मध्ये जाळी, म्हणजे एकमेकींना दिसतील. बाबांचं जुनं धोतर फाडून परातीत अंथरलं. लाल डाग राखीचा निघाला. म्हणून तीन दिवस मी फक्त राखीच्या मागे. ढवळीच्या परातीतलं कापड न बघता धुवायला टाकत होतो. या सगळ्या नोंदींत सगळ्यात महाग पडलेलं काम तेच.

राखीची एक गोष्ट मात्र नीट पकडली. लघवी झाल्याझाल्या कापड काढलं तर डाग गडद पिवळा. तेच कापड ओट्यावर तीन-चार तास पडून राहिलं की विटकरी होतं. रक्त असं उलट चालत नाही, ते आधी लाल असतं आणि मग काळपट पडतं.

१९ एप्रिल
बाबांची साखर तपासायची सुई घेऊन स्वतःचं बोट टोचलं. स्वच्छ बशीत पाण्यात रक्ताचा एक थेंब, शेजारच्या बशीत राखीची ताजी लघवी, तिसरीत तिचीच जुनी लाल झालेली. तिन्हींत पेरॉक्साइडचे पाच-पाच थेंब. माझ्या बशीत पांढरा फेस उसळला. राखीच्या दोन्ही बशा शांत. म्हणजे रंग चाऱ्यातल्या द्रव्यांचा. ससा जे खातो त्यातले काही रंग लघवीतून उतरतात आणि हवेत गडद होतात. पिवळ्यापासून नारिंगी-तांबड्यापर्यंत सगळं चालतं.

तरी एक धरून ठेवा. लघवीत लाल गुठळी दिसली, किंवा लघवी पिवळी आणि त्यात वेगळी लाल रेघ दिसली, तर ते रक्तच समजून निघायचं. वयात आलेल्या, ऑपरेशन न झालेल्या मादीला गर्भाशयाच्या गाठी फार होतात आणि रक्त तिथून येतं.

२१ एप्रिल
हौस म्हणून माणसांच्या लघवीच्या पट्ट्या आणल्या, १०० ची बाटली ४८० रुपये. शेजारी लॅबमध्ये काम करणारा मुलगा राहतो, त्याच्यासोबत पाहिलं. आम्लता-अल्कतेच्या चौकोनाचा रंग थेट शेवटाला, ८ च्या वर. "भाऊ, माणूस असता तर इन्फेक्शन म्हटलं असतं." पण सशाची लघवी मुळातच ८ ते ९ ची, अल्कधर्मी. तशा लघवीत प्रथिनांचा चौकोनही फसवा हिरवा होतो. रक्ताचा चौकोन तेवढा कामाचा, तो कोरा आला. ४८० रुपयांत एका चौकोनाचा उपयोग. उरलेल्या ९० वर पट्ट्या कोणाला हव्या असतील तर घेऊन जा.

२३ एप्रिल
ढवळीचा क्रेट उचलताना परातीत पांढरी साय दिसली. बोटाला लावली तर दळलेल्या चुनखडीसारखी, चिमटीत कचकचते. ओट्याच्या शहाबादीवरही तिच्या बाजूला पांढरे पोपडे होते. मी ते जुने समजून सोडले होते.

पोपड्यांवर व्हिनेगर टाकलं, बुडबुडे आले. चला, चुनाच आहे, असं म्हणून खूश. मग शेजारच्या कोऱ्या फरशीवर एक थेंब पडला, तिथेही बुडबुडे! शहाबादी फरशी स्वतःच चुनखडीची. शिवाय माझ्या त्या हुशारीने ओट्यावर चार खडबडीत डाग कायमचे पडले. साय स्टीलच्या चमच्यात घेऊन परत टाकलं, तेव्हा कुठे खात्री झाली.

पांढुरकी, गढूळ लघवी सशाला नेहमीचीच. फरक पाहायला दोघींची लघवी मधाच्या रिकाम्या बाटल्यांत तासभर ठेवली. राखीच्या तळाला पातळ थर, हलवला की धुरासारखा उठतो. ढवळीच्या तळाला दोन बोटं जाड गाळ, बाटली आडवी केली तरी जागचा हलत नाही, टूथपेस्टसारखा.

२४ एप्रिल
आज तिला उचलून उलटं पाहिलं. आधीच पाहायला हवं होतं. मागच्या पायांच्या आतला भाग ओला, केस गेलेले, कातडी लाल. वास. क्रेटमध्ये बसते, शेपटी वर करते, कण्हल्यासारखी थांबते आणि थोडीशीच लघवी करून परत बसते. आळशी म्हणून मी तिला हसायचो. कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसलं, कोरडं केलं. अख्ख्या सशाला आंघोळ घालू नका, घाबरून जीव जातो. या दिवसांत ओल्या केसांवर माशी बसली तर दोन दिवसांत अळ्या पडतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ तपासणी सुरू केली.

२५ एप्रिल, शुक्रवार
अर्धा दिवस रजा. पहिल्या दवाखान्यात गायी-म्हशींचीच सवय. तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "सशाचं मी करत नाही, उगाच प्रयोग नको." खरं बोलले याचं बरं वाटलं. त्यांनीच दुसरे डॉक्टर सुचवले, एक्स-रेची सोय असलेले.

या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि माझी बोटं तिथे ठेवून दाखवलं. मूत्राशय फुग्यासारखं लागायला हवं, हिचं भिजवलेल्या कणकेच्या पिशवीसारखं. एक्स-रेत हाडांइतकाच पांढराशुभ्र गोळा. मोठा खडा नाही, गाळ आहे. चालणं, मान, मागचे पाय पाहिले. मेंदू-मूत्रपिंडावर बसणारा एक परजीवी सशात असतो, त्यानेही लघवीवरचा ताबा जातो. तशी लक्षणं नव्हती.

त्यांचं एक वाक्य डोक्यात बसलं. "आपलं आतडं लागेल तेवढंच कॅल्शियम आत घेतं. सशाचं आतडं येईल ते सगळं घेतं आणि जास्तीचं किडनीवर ढकलतं." म्हणजे जास्तीचा चुना लघवीतूनच जाणार. पाणी कमी पडलं की तिथेच बसणार.

सिरपचं विचारलं. अमॉक्सिसिलिन सशाला तोंडाने दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जुलाब लागून ससा जातो. त्या पोराचं ऐकलं असतं तर या नोंदी इथेच संपल्या असत्या.

कातडीखाली सलाईन, वेदनेसाठी मेलॉक्सिकॅमचे थेंब, मात्रा त्यांनी वजनावर काढली. ढवळी २.६ किलो, राखी २.१. बहिणी असून अर्ध्या किलोचा फरक, हेही आम्हाला वजन करेपर्यंत माहीत नव्हतं. तपासणी ३००, एक्स-रे ६००, सलाईन २५०.

२६ एप्रिल
चाऱ्याचा हिशेब. मिलमधल्या नमुन्याच्या काट्यावर दिवसभराचं सगळं तोललं. दूधवाल्याकडची लसूणघासाची एक पेंढी रोज, दहा रुपये. दारातल्या शेवग्याचा पाला, कारण फुकट. मेथीच्या काड्या. वरून पाकिटातला दाणेदार खुराक, तोही वाटीभर. पाकिटावर बारीक अक्षरात पहिलाच घटक लसूणघास. आणि केळं, कारण जळगावात राहून केळं कसं नाही द्यायचं.

लसूणघास आणि शेवगा दोन्ही कॅल्शियमने भरलेले. दुभत्या म्हशीला ते सोनं, बसून राहणाऱ्या मोठ्या सशाला मात्र मूत्राशयात चुन्याची भट्टी. राखीही तेच खात होती, पण ती दिवसभर धावते. ढवळी केळी खाऊन लोळते.

२७ एप्रिल
गवताचा शोध. बाबा म्हणाले कडबा आण. आणला. पानं खाल्ली, धाटं तशीच. आणि कडबा पूर्ण पिकलेला, वाळलेलाच हवा; ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांनी गुरं मरतात हे खान्देशात कोणाला सांगायला नको. शेवटी सातपुड्याकडून येणाऱ्या गाडीवाल्याकडून डोंगरी गवताचा भारा घेतला, १२० रुपये. धूळ झटकून घ्यावी लागते, ससे शिंकतात.

लसूणघास एका दिवसात तोडला नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, चारा हळूहळू बदला, आणि बारा तास काहीच खाल्लं नाही तर तेच मोठं संकट. सशाचं पोट थांबलं की लघवी बाजूलाच राहते. दहा दिवसांत पेंढी अर्धी, पाव, शून्य.

२८ एप्रिल
आईचा प्रश्न आज तपासला. बाटलीवर पेनाने रेघ मारली, २४ तासांनी मोजलं. दोघींत मिळून १३० मिली. दोन-सव्वादोन किलोच्या सशाला एकट्यालाच याहून जास्त लागतं. बाटलीच्या नळीतली गोळी दाबून पाहिली तर कडेला पांढरा थर, आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार. एक थेंब यायला मी मोजले सहा सेकंद. त्यात बाटली पश्चिमेच्या जाळीला, दुपारी दोननंतर हाताला चटका बसेल इतकं पाणी तापायचं. चहासारखं पाणी कोण पिईल?

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, मान वर केली नाही.

२९ एप्रिल
बाटलीऐवजी कुंभाराकडची मातीची दोन परळं, ४० रुपये. सकाळी ५०० मिली, संध्याकाळी जवळपास रिकामी. वा! मग ओटा ओला दिसला. माती पाझरते. परळ थंड राहतं ते त्यामुळेच, पण मोजायला बिनकामाचं. चिनी मातीचे जड वाडगे आणले, १८० चे दोन. हलके भांडे ढवळी दाताने उचलून उपडं करते.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)
माहेरवाशिणी आल्या, घर भरलं. झोका, मांडे, आमरस. पोरांनी दुपारी ढवळीला काय काय भरवलं याचा हिशेब माझ्याकडे नाही. पिंजऱ्यात आंब्याची साल आणि सांजोरीचा तुकडा सापडला. रात्री लेंड्या बारीक आणि मऊ. सकाळपर्यंत गवत आणि पाणी एवढंच समोर ठेवून बसलो. पहाटे खाऊ लागली. पिंजऱ्याला कुलूप लावलं, किल्ली आईकडे.

३ मे
पाण्याचा खरा आकडा. ओट्यावरच्या उन्हाळ्यात पाणी नुसतं उडून किती जातं ते कळायला तिसरा तसाच वाडगा जाळीबाहेर ठेवला, जिथे ससा पोचत नाही. दिवसाला ७० मिली उडालं. प्रत्येक वाडग्यातून तेवढं वजा केलं तर दोघींचं पिणं ३४० मिली. बाटलीच्या अडीच पटींहून जास्त. पालाही धुऊन ओलाच देतो, ते पाणी वेगळं.

५ ते १० मे
आणखी दोनदा सलाईन. लघवी वाढली, पण बाटलीतला गाळ दोन बोटांवरून दीड बोट. डॉक्टरांना एवढ्याने समाधान नव्हतं. मधल्या काळात एका ओळखीच्याने सांगितलं, पोट दाबून घरीच काढता येतं. करू नका. बंद वाटेवर दाब पडला तर मूत्राशय फाटतं.

१२ मे
गुंगी देऊन मूत्राशय धुतलं. मी दाराबाहेर. पाऊण तासाने डॉक्टरांनी काचेच्या भांड्यात निघालेलं दाखवलं, भिंतीला लावायच्या पुट्टीसारखं. २८०० रुपये. उपाशी ठेवून आणू नका असं आधीच सांगितलं होतं. ससा उलटी करूच शकत नाही, म्हणून ऑपरेशनआधीचा उपास त्याला लागत नाही. मी सवयीने सकाळचं गवत काढून घेतलं होतं, बायकोने परत टाकलं.

घरी आल्यावर सहा तास तोंड लावलं नाही. आठव्या तासाला कोथिंबिरीचं एक देठ. त्या देठाचा कचकच आवाज ऐकायला घरातली पाच माणसं ओट्यावर उभी होती.

१८ मे
मागच्या पायांची लाली उतरली. केस अजून नाहीत. संध्याकाळी सहा ते आठ दोघींना अंगणात सोडतो. ढवळीला हलवायचं म्हणून वाडगे दोन टोकांना ठेवले. फिरलं की तळाचा गाळ ढवळतो आणि लघवीसोबत निघतो. दाणेदार खुराक दोघींत मिळून दोन चमचे. केळं आठवड्यातून एक चकती, चिऊच्या हट्टापायी. कॅल्शियम पूर्ण बंद नाही केलं, दातांना आणि हाडांना लागतंच.

१ जून
ढवळी २.४५ किलो. बाटलीत गाळ अर्धं बोट, हलवला की उठतो. आजवरचा खर्च ५,८०० रुपये, त्यात पट्ट्यांचे ४८० माझ्या हौसेचे. लाल डागाच्या मागे गेलेले दहा दिवस यात धरलेले नाहीत.

२२ जून
पुन्हा एक्स-रे, ६०० रुपये. पांढरा गोळा गेला, तळाला चंद्रकोरीएवढी रेघ उरली. डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांनी परत पाहू. हिची प्रवृत्तीच अशी दिसते, चारा आणि पाणी आयुष्यभर. राखीच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचं बोलणं सुरू आहे. थंडीत करू, या दमट हवेत नको.

सकाळी राखीच्या परातीत परत विटकरी डाग होता. चिऊने पाहिलं, पेरॉक्साइडची बाटली आणली, पाच थेंब टाकले, फेस आला नाही. "जुना आहे," म्हणाली आणि ढवळीची परात उचलून उजेडात तिरपी केली.